एका गोळीत

रात्रपाळी संपवून घरी आलं की सर्जनबाई अंघोळ उरकून सोफ्यावर अंग टाकायच्या आणि एखादा जुना काउबॉयचा इंग्रजी सिनेमा लावायच्या. शेजारी चहाचा कप घेऊन बसलेल्या नवऱ्याच्या, म्हणजे इतिहासाच्या प्राध्यापकांच्या, अंगाचा मग तिळपापड व्हायचा.

"अगं, ही बंदूक निघायला अजून वीस वर्षं होती! आणि ज्यांच्या जमिनी लाटल्या, तेच म्हणे रानटी. इतिहासाचा पार मुडदा पाडलाय यांनी!"

"हं," एवढंच बाई म्हणायच्या. डोळे अर्धे मिटलेले, पण पडद्यावरून हलायचे नाहीत.

आजही तेच. पडद्यावर गोळी सुटली. घोड्यावरच्या पोरानं छातीवर हात धरला, खाली पडला आणि संपला.

प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. "एवढी शिकलेली तू. हा खोटेपणा तुला चालतो तरी कसा?"

"चालतो काय, हवाच असतो मला," बाई डोळे न हलवता म्हणाल्या. "बघितलंस? एक गोळी, आणि गेलासुद्धा. आमच्याकडचा पहाटेपर्यंत आईला हाका मारत होता."