उद्या बोलते

"हं, आता बोल बघू," कपाळावरचा दिवा वर सरकवत डॉक्टर म्हणाले. "स्वरयंत्रावरची गाठ विरलीय. आवाज कसा राहिलाय, ते तो निघाल्यावरच कळेल."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. गेला दीड महिना मी पाटीवर लिहूनच बोलत होते. सोमवारी नाट्यविद्यालयाची निवड चाचणी होती. संगीत नाटकात गात उभं राहायचं, एवढंच मला शाळेपासून हवं होतं. आवाज फाटका निघाला तर? गप्प होते, तोवर तो शाबूत आहे असं धरून चालता तरी येत होतं.

मी पाटी ओढून लिहिलं, "उद्या बोलते."

शेजारी बसलेल्या आईनं ते वाचलं. नाटकात गाऊन पोट भरत नाही, हे तिचं पाठ झालेलं वाक्य. मी रियाजाला बसले, की ती हटकून मिक्सर लावायची. तिला आता सुटल्यासारखं वाटत असेल, असं मनात आलं.

आईनं तळहातानं पाटी पुसली. माझं मनगट घट्ट धरलं, डोळे मिटले आणि अगदी हळू सूर लावला. तिला गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं. तंबोरा नव्हता, पेटी नव्हती, तरी तो माझाच सा होता, नेमका माझ्या पट्टीतला. मिक्सरच्या घरघरीतूनही ती रोज ऐकत होती तर!

श्वास संपत आला, तरी ती सूर सोडेना.

मी तोंड उघडलं.