फाटकापुढचा दगड

धनजी पाथरवटाचा मुलगा नथ्थू, नथ्थूचा छगन आणि छगनचा अभिमन. सन एकोणीसशे अडतीसच्या एका सकाळी हा अभिमन धुळ्यात भाईदास आबांच्या फाटकापुढे घण घेऊन उभा राहिला.

पेठेतून गिरणीकडे जाणारा, या फाटकापुढचा बोळ जेमतेम चार हात रुंद. पण सायकलवाल्या कामगारांचा अर्ध्या कोसाचा वळसा त्याने वाचे. बोळाच्या तोंडाशी आबांनी गुडघाभर उंचीचा दगड आडवा रोवून घेतला होता. आपल्या दारावरून कोणी सायकलीवर बसून जाऊ नये, एवढ्याचसाठी. गेल्या आठवड्यात पहाटेच्या अंधारात अभिमनचा मेहुणा झुलाल त्यावर आदळला आणि जागीच गेला. नगरपालिकेने दगड फोडण्याचा हुकूम काढला. दोन गवंडी मार खाऊन परतले. तिसरा अभिमन.

आबा लाठी घेऊन बाहेर आले. कामगार सायकली धरून दूर थबकले.

"मधमा हातभर फट पाड," आबा गुरकावले. "सायकल हातमा धरीसन जातीन."

"सायकल जाई, आबा. वर बठेल माणूस जावाव नही."

"तुना बापनीच बसाडेल शे हाऊ दगड! तो पांझरा नदीना पूरमा बुडी ऱ्हायंता, तवय मना बापनी काढा त्याले. तुमना घरवर एक जीव शे मना!"

अभिमनने घण खाली ठेवला. त्या एका उपकारापायी छगनने मरेपर्यंत या फाटकापुढे मान वर केली नव्हती. अभिमनने टोपी काढली आणि तो दगडाशी गुडघे टेकून बसला.

"मंग ल्या तो जीव. आतेच ल्या."

पहिली लाठी पाठीवर बसली. दुसरीने खांद्याचे हाड मोडले. तो आवाज कामगारांपर्यंत गेला. तिसरी डोक्यावर. रक्त डोळ्यांवरून दगडावर ठिबकू लागले. एकजण धावून आला, त्याला अभिमनने नुसत्या नजरेने थांबवले.

चौथी लाठी वर गेली आणि तिथेच राहिली.

"मारा ना," अभिमन म्हणाला.

लाठी हळूहळू खाली आली आणि जमिनीला टेकली.

अभिमन उठला. डावा हात निर्जीव लोंबत होता. उजव्या हाताने त्याने घण उचलला.

"मी जीव दिन्हा, तुम्हीन लिधा नही. बठ्ठं देणं फिटनं, आबा," तो म्हणाला. "आते पाय मांगे ल्या."