घंटीची जागा

अंगठा सवयीनं घंटीवर गेला आणि घंटी वाजायच्या ऐवजी बुडाखालची सीटच खाली बसली. सायकल ऐन उतारावर होती. समोर धाड गावच्या आठवडी बाजाराची गर्दी आणि गर्दीच्या जरा अलीकडं, डोक्यावर मेथीचं गाठोडं घेऊन चाललेली एक पाठमोरी म्हातारी. अनसचे गुडघे एकदम वर आले, हँडल लटपटलं, आणि त्यानं ब्रेक दाबेपर्यंत म्हातारी रस्त्यावर पडली होती.

घोळ सकाळीच झाला होता. अनसनं आपल्या डोंगरी सायकलीला नवा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बसवला होता. हँडलवरची कळ दाबली की सीट खाली जाते आणि घाट उतरताना अंग मोकळं राहतं. पुढच्या आठवड्यात बुलढाण्याच्या घाटात शर्यत होती आणि गड्याला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की कळ बसवायची कुठं. ब्रेकच्या आतल्या बाजूला बसवली तर अंगठा ताणावा लागे. आणखी खाली वळवली तर मुठीची पकड सुटे. पकड न सोडता अंगठा सहज पोचेल अशी एकच जागा होती, डाव्या मुठीला अगदी लागून, आणि तिथं घंटी होती.

घंटी थोडी आत सरकवता आली असती. पण मग हँडलवर दाटी झाली असती, आणि अनसला सायकल कशी शर्यतीतली दिसायला हवी होती. त्यानं घंटी काढून खिडकीत ठेवून दिली. शर्यतीत घंटी वाजवायची कुणाला, असा त्याचा हिशेब. शर्यतीच्या आधी बाजार लागतो, हे काही त्या हुशाराच्या डोक्यात आलं नाही.

माणसं धावून आली. मेथीच्या जुड्या रस्ताभर पसरल्या होत्या. म्हातारीचं कोपर सोललं होतं. एका दांडग्या माणसानं अनसची कॉलर धरली.

"घंटी वाजवता येत नाई का बे तुले?"

"वाजवली ना!" अनस म्हणाला.

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग तो घाबरला आणि त्यानं डावा पंजा पसरून हँडलवरची कळ झाकून घेतली.

"आमी काय बहिरे हाओत? कोणंच नाई ऐकली," मागून कोणीतरी ओरडलं. दांडग्यानं हात उगारला. आणखी दोघं पुढं सरसावले. आता आपलं काही खरं नाही, हे अनसला कळून चुकलं.

"सोडा त्याले," म्हातारी खालूनच म्हणाली. तिनं पदरानं कोपर पुसलं. "वाजवली त्यानं. मलेच ऐकू येत नाई आताशा. मधात मीच आली."

उगारलेला हात खाली आला. दांडग्यानं कॉलर सोडली आणि वर अनसचा शर्टही जरासा नीट केला. शालूबाई बहिरी झाली म्हणे, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. तेवढ्यात तिचा मुलगा अर्जुनराव बाजारातल्या आपल्या बियाण्याच्या दुकानातून पळत आला. त्याच्या कानावर सगळं वाटेतच गेलं होतं.

"तरी मी म्हणतच होतो," तो आईचं कोपर बघत म्हणाला. रागापेक्षा त्याला भीतीच जास्त वाटलेली दिसत होती. "घरी हाक मारली तं ओ देत नाई तू. आता घंटीबी ऐकू येत नाई. बस झाला तुहा बाजार. आजपासून घरी बसायचं."

शालूबाईचा चेहरा उतरला. सून घरात यायच्याही आधीपासून बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. तिथं तिची गिऱ्हाइकं होती, भांडणं होती, शेजारच्या बांगडीवालीशी दिवसभराच्या गप्पा होत्या. "एवढा एक बाजार तं करू दे रे," ती म्हणाली.

"नाई म्हणजे नाई. आज सायकल होती, उद्या ट्रक असन."

अनसनं एक वाक्य बोलायचं होतं, बस. सायकलला घंटीच नाही. तेवढ्यानं म्हातारीचा बाजार वाचला असता. तो दांडगा माणूस अजून जवळच उभा होता. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती, आणि तरीही तो गप्प राहिला.

अर्जुनराव ऑटो आणायला गेला. गर्दी पांगली. अनसनं खाली बसून मेथीच्या जुड्या गोळा केल्या, त्यांची माती झटकली, गाठोडं बांधून म्हातारीसमोर ठेवलं. तिची माफी मागावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण बहिऱ्या माणसाची माफी मागायची तर ओरडून मागावी लागणार, आणि ती सगळ्या बाजारानं ऐकली असती. म्हणून त्या शहाण्यानं सोयीचा मार्ग काढला. तिच्या कानाशी वाकून तो अगदी हळू, आपलं आपल्यालाच ऐकू येईल इतकं हळू बोलला.

"आजी, सायकलले घंटीच नाई. मी खोटं बोललो."

त्याला थोडं हलकं वाटलं. तो उठायला लागला.

शालूबाईनं त्याचा हात धरून त्याला पुन्हा खाली बसवलं.

"मालूम हाय मले," ती तितक्याच हळू म्हणाली. "वाजली असती तं सरकली नसती का मी?"