हिरवी खूण

एकट्या राहणाऱ्या आप्पांकडे कुणी जायचं, यावरून थोरली आणि धाकटा यांचं दर रविवारी वाजायचं. शेवटी थोरलीने आप्पांसकट तिघांच्याही फोनमध्ये कामांची आठवण ठेवणारं ॲप टाकलं. 'आप्पांकडे जाऊन येणे'. ज्याला जमेल त्याने जावं आणि कामासमोर हिरवी खूण करावी, म्हणजे दुसरा मोकळा. तेव्हापासून कसं सगळं सुरळीत चाललं होतं. आप्पाही फोनवर म्हणायचे, "माझं मस्त चाललंय."

आज ऑफिसच्या कामासाठी त्या बाजूला गेलेली थोरली सहज आप्पांच्या घरी डोकावली. बाथरूममधला दिवा गेलेला, आणि आप्पांच्या पायांची नखं इतकी वाढलेली की चपलेत पाऊल जाईना. तिने तिथूनच धाकट्याला फोन लावला.

"दर रविवारी येतोस ना रे? मग काय नुसता चहा ढोसून जातोस? नखं काय शेजाऱ्यांनी कापायची?"

"मी? ताई, मला वाटलं तू जातेस. सकाळी बघावं तर खूण हिरवी झालेली असते."

ती खूण दिसली की थोरलीलाही हायसं वाटायचं आणि ती पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची.

आप्पांनी पाय हळूच खाटेखाली सारले.



"त्याला बोलू नकोस गं. रविवारी उठल्या उठल्या मीच करून टाकतो ती खूण. तुमचं भांडण तरी मिटलं ना?"