हातातला जोर

"ताई, इंजिनाचं काम आहे हे. बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो," गॅरेजवाला मिस्त्री हसत म्हणाला.

याच मिस्त्रीनं माझ्या टॅक्सीच्या इंजिनावरचं, टॅपेट कव्हरखालचं पॅकिंग दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा दात-ओठ खाऊन बोल्ट आवळले, तरी तेल गळतच राहिलं. मी त्याच्या हातातला पाना घेतला आणि कव्हर उघडलं. पॅकिंग बोल्टांपाशी चेपून फाटलं होतं.

नवं पॅकिंग मीच बसवलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, हलक्या हातानं आवळले.

"अजून आवळा!" तो ओरडला.

"नाही आवळत."

आठवडाभर रोज रात्री उभ्या टॅक्सीच्या इंजिनाखाली अंथरलेला पुठ्ठा मी नंतर त्याच्या टेबलावर ठेवला. कोरडा ठणठणीत.

"भिंतीवर लावा," म्हटलं. "हातात जोर आला, की बघत जा."