जस्ती पत्र्याचा तुकडा

सौंदडहून सायकलवर ॲसिड विकायला येणाऱ्यावर माझा काडीचा भरोसा नाही. आधी त्याच्यात जस्ती पत्र्याचा तुकडा टाकायचा, खदखदून फेस आला तरच संडास धुवायला शिशी घ्यायची, ही माझी रीत. या शिशीत तुकडा टाकताच उकळी फुटली होती. पण महिनाभर संडास धुऊनही शिशी भरलेली ती भरलेलीच. मला संशय आला. आज पुन्हा तुकडा टाकला, तर मेला तळाशी गुमान बसला अन् कुठं एखादा बुडबुडा सोडत राहिला.

मी सुनेला हाक मारली. "काऊन वो रंजिता, जालीम माल मायघरी धाडून मले पाणी दाखवून राहिली काय?"

"पाणी मीच टाकली, आई. रोज थोडं ॲसिड फेकतो अन् तेवढंच पाणी भरतो."

"कायले?"

"तुमचा पोरगा पेऊन आला का हेच शिशी धरते माह्यापुढं. तोंडावर ओततो म्हणते."

मी शिशी संडासात रिकामी केली, हापशीचं पाणी भरून जागच्या जागी ठेवली. मग माझ्या पोराचं, हेमराजचं अंथरूण उचललं अन् गोठ्यात नेऊन टाकलं.