शाळा ते फाटा

धम्मशीला ऑटोतून उतरली तेव्हा शाळेच्या फाटकापाशी सगळे गोळा झाले होते. तिच्या अंगात अजून दवाखान्याचाच ड्रेस होता. बुलढाण्याला रात्रभर बाळंतपणाच्या वॉर्डात उभं राहून पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. मोताळ्याला कंडक्टरनं हलवून उठवलं नसतं, तर ती झोपेतच मलकापूरला गेली असती.

"माही धम्मी आली का?" गर्दीतून शाहजादीचा आवाज आला.

"आली वं, आली."

धामणगावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या विद्यार्थ्यांची दौड ठेवली होती. शाळेपासून मोताळा फाट्यापर्यंत. शाहजादी लग्न करून बऱ्हाणपूरला गेली, त्यानंतर तिचं गावाला येणं जवळजवळ बंदच झालं होतं. दौडीचं कळलं तेव्हा तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तू असशील तरच मी पळीन." मग सुट्टी मिळाली नाही तरी धम्मशीलाला यावंच लागलं.

शाहजादीचा धाकटा भाऊ मतीन बाजूलाच उभा होता. त्यानं धम्मशीलाचे लाल डोळे पाहिले.

"ताई, तुम्ही रातभर जागल्या. राहू द्या न. काही झालं तर?"

"काही नाही होत. तू फाट्यावर थांबजो."

शाहजादीनं ओढणी कमरेला खोचली आणि हात पुढं केला. शाळेत तीन पायांच्या शर्यतीत या दोघींना कधी कोणी हरवलं नव्हतं. तेव्हा पाय बांधायच्या. आज धम्मशीलानं रुमालानं दोघींची मनगटं बांधली.

"घट्ट बांध," शाहजादी म्हणाली. "तू झोपलीस तर ओढत नेईन तुले."

आजूबाजूच्या बाया हसल्या. शिट्टी वाजली.

पहिल्या वळणापर्यंतच धम्मशीलाला धाप लागली. तरणी पोरं केव्हाच पुढं निघून गेली होती. शाहजादीचे पाय मात्र शाळेतल्यासारखेच पडत होते. मान ताठ, नजर समोर. पळताना इकडंतिकडं पाहायचं नाही, ही गोविंदा गुरुजींची शिकवण.

"धम्मे, चिंच आली का वं?"

धम्मशीलानं मोठी जांभई दिली. "हाव, आली."

"चिंचा लागल्या?"

"यंदा नाही धरल्या."

"त्या दिवशी तू खाली उभी होती अन् मी वर," शाहजादी हसली. "गुरुजी आले, तर पळाली नाही तू. उभीच राह्यली."

"तुही ओढणी फांदीत अडकली होती. तुले टाकून कशी पळू?"

गुरुजींनी मग दोघींना शिक्षा म्हणून फाट्यापर्यंत पळवलं होतं. परत आल्या तेव्हा ते घड्याळाकडं बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की दोघींची तालीम सुरू झाली. धम्मशीलाच्या घरची भाकर, शाहजादीच्या घरचा खिमा, आणि वाटेतल्या विहिरीचं पाणी.

"विहिरीचा रहाट नाही वाजला?" शाहजादीनं विचारलं.

"मोटार बसवली त्याच्यावर."

"अन् लिंबाची सावली? ऊन लय लागून राह्यलं यार."

"फागुन आहे न. पानं गळले सारे."

शाहजादीच्या तोंडावर हसू तसंच होतं. धम्मशीलाला वाटलं, ही आता बारा वर्षांचीच दिसते.

पापण्या जड होत गेल्या. पावलांचा आवाज लांबून येतोय असं वाटू लागलं. धम्मशीलाच्या डोळ्यांपुढं विहीर आली, विहिरीवर आई धुणं धूत होती, आणि आई म्हणत होती, जरा टेक इथं.

मनगटाला जोराचा हिसका बसला. ती शाहजादीच्या अंगावर आदळली. कापसानं भरलेला ट्रॅक्टर भोंगा वाजवत अगदी जवळून गेला.

"झोपली होती का बे तू?" शाहजादी ओरडली. तिचा श्वास वर-खाली होत होता. "एवढा मोठा ट्रॅक्टर आला, तुले ऐकू नाही आला?"

मतीननं विचारलेलं 'काही झालं तर?' धम्मशीलाच्या कानात घुमलं. "शाहजादी, थांबू आपण. आज माह्यामुळं तुले काही झालं असतं न..."

"थांबायचं नाही. उद्या मी जाईन. पुन्हा कधी येणं होते, कोणाले माहीत?" शाहजादीनं तिचा हात घट्ट धरला. "तू फक्त बोलत राह्य. बोललीस म्हणजे झोप नाही येणार. काय काय आहे, सांग मले."

मग धम्मशीला बोलत राहिली. डावीकडं आशाबाईची बोरांची टोपली आहे. उजवीकडं पळस फुलला आहे, पार लालभडक. त्याच्यामागं शाळकरी पोरं विटीदांडू खेळून राह्यली. बोलता बोलता तिची झोप कुठल्या कुठं गेली. शाहजादी मध्येच हसायची, मध्येच "अजून?" म्हणायची.

फाट्यावर टाळ्या वाजल्या. त्यांच्या मागं फक्त शाळेच्या पहिल्या तुकडीतले पुंजाजी आजोबा होते, तेही चालत येत होते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शाहजादीच्या गालांवरून घामाबरोबर आसवंही ओघळली.

"सारं जसंच्या तसं आहे वं धम्मे," ती म्हणाली.

"हाव. जसंच्या तसं."

धम्मशीलानं रुमालाची गाठ सोडली. मतीन लगबगीनं पुढं आला. त्यानं पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली, उघडली आणि बहिणीची बोटं काठीच्या मुठीवर नीट ठेवली.

धम्मशीलानं मागं वळून पाहिलं. फाट्यापासून थेट शाळेपर्यंत सिमेंटचा चौपदरी रस्ता उन्हात तापत पडला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर एकही झाड नव्हतं.